नागपुरात घर किरायाने घेताना, देताना : करार कसा करायचा, नोंदवायचा कुठे आणि त्यात लिहायचं काय

नागपुरात घर बघायला निघालं की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘पाण्याचा त्रास नाही, नळ पण आहे अन् बोरिंग पण.’ ‘दोन महिन्यांचं डिपॉझिट द्या.’ आणि ‘अकरा महिन्यांचा करार नोटरी करून घेऊ, बाकी काही भानगड नाही.’ पहिल्या दोन गोष्टी तपासता येतात, त्यांवर घासाघीसही होते. तिसऱ्या वाक्यावर मात्र दोन्ही बाजू मान डोलावतात आणि पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ तिथेच असतं.

मी आर्वीहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा मीही मान डोलावली होती. मानेवाडा रोडवरची दोन खोल्यांची जागा होती. करार म्हणजे स्टॅम्प पेपरवरची दोन पानं आणि नोटरीचा शिक्का. घर सोडताना डिपॉझिटचे पैसे अडकले, तेव्हा ती दोन पानं काढून वाचली. डिपॉझिट किती दिलं तेवढं त्यात होतं. परत कधी मिळणार, कशाचे पैसे कापले जाणार, याचा एक शब्दही नव्हता. पुढे काही वर्षांनी नंदनवनातल्या माझ्या आत्यानं वरचा मजला किरायाने द्यायचं ठरवलं, तेव्हा कागदपत्रांची धावपळ मी केली. दोन्ही खुर्च्यांवर बसून झालं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्रात भाड्याच्या घरांसाठी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सरळ सांगतं की घर भाडेपट्ट्यानं द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे फक्त राहायच्या परवानगीवर) द्या, करार लेखी हवा आणि नोंदणी कायद्याखाली नोंदवलेला हवा. नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मालकांना त्याहून महाग पडू शकते ती याच कलमातली दुसरी गोष्ट. नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. भाडं बारा हजार ठरलं होतं की आठ, हे ठरवायची वेळ आली तर ओझं मालकाच्या डोक्यावर.

मग हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. एक वर्षाच्या आत राहिलो की नोंदणी टळते, म्हणून अकरा महिने. ही वाट १९९९ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बंद केली. करार अकरा महिन्यांचा असो की तीन महिन्यांचा, नोंदणी लागतेच. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त ‘माझ्यासमोर सही झाली’ एवढं सांगतो.

नागपुरात आणखी एक जुनी भीती आहे, ती नव्या माणसाला कळत नाही. महाल, इतवारीकडचे वयस्क घरमालक किरायेदार ठेवायला कचरतात, कारण त्यांनी १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश पाहिला आहे. त्या वेळी घर सोडण्याची नोटीस द्यायलासुद्धा आधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. वर्षानुवर्षं प्रकरणं चालत. बसलेला माणूस उठत नाही, ही समजूत त्या काळातली आहे. तो आदेश आता नाही. त्याची जागा १९९९ च्या कायद्यानं घेतली आणि लिव्ह अँड लायसन्ससाठी त्यात वेगळी सोय आहे. त्यामुळे ‘करार नोंदवला तर किरायेदार हक्क सांगेल’ असं कुणी म्हणालं तर त्यांना शांतपणे सांगा की गोष्ट नेमकी उलटी आहे.

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ हेही तितकंच खोटं. मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा मालकाविरुद्धचा ताबा ठरत नाही. आणि ती परवानगी दाखवणारा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे नोंदवलेला करार.

लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय

भाडेपट्ट्यात जागेतला काही हक्क ठराविक काळासाठी किरायेदाराकडे जातो. लिव्ह अँड लायसन्समध्ये तो जात नाही. मालक फक्त राहायची परवानगी देतो. आज नागपुरात राहत्या घरांचे करार बहुतेक याच प्रकारचे होतात आणि एका वेळी ते साठ महिन्यांपर्यंत करता येतात.

१९९९ च्याच कायद्याचं कलम २४ मालकाच्या कामाचं आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि किरायेदार निघाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत किरायेदारानं प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरलं जातं. शिवाय मुदतीनंतर राहिलेल्या काळाची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुपटीनं द्यावी लागते. किरायेदारांनो, हे लक्षात ठेवा. ‘दोन महिने राहू द्या ना काका’ हे तोंडी ठरवू नका, मुदतवाढीचा करार करा.

मोबाईलवर अधूनमधून ‘नवीन भाडे कायदा, डिपॉझिट फक्त दोन महिने’ असा मजकूर फिरतो. तो केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल आहे. तो नमुना आहे. राज्यानं आपला कायदा करून स्वीकारल्याशिवाय तो आपल्याला लागू होत नाही. तसंच ‘दरवर्षी चार टक्केच वाढ’ हा नियम जुन्या, नियंत्रित भाडेकरूंसाठीचा आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या घराला तो लावता येत नाही. म्हणजे डिपॉझिट आणि भाडेवाढ दोन्ही तुमच्या करारात ठरतात. जे लिहाल ते.

घर बघताना

घरं मे-जूनमध्ये जास्त रिकामी होतात, शाळा-कॉलेजच्या हिशेबानं. मिहान किंवा एम्सकडे नोकरी असेल तर मनीषनगर, बेसा, वर्धा रोड बघा. हिंगणा एमआयडीसी असेल तर त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर. मेट्रो जवळ असली की भाडं थोडं चढं असतं, पण गाडीच्या पेट्रोलचा हिशेब मांडल्यावर ते अंगावर येत नाही.

मे महिन्यात घर बघायला मिळालं तर सोनं. दुपारी दोन वाजता जा. वरच्या मजल्यावरचं घर असेल तर छताला हात लावून बघा, न्हाणीघरातला नळ सोडून टाकीचं पाणी किती तापलंय ते बघा. सकाळी आठला ज्या घराच्या प्रेमात पडाल, तेच दुपारी भट्टी असतं.

त्यानंतर एकच प्रश्न, पण तो न लाजता विचारायचा : घर कुणाच्या नावावर आहे? वीजबिल, घरटॅक्सची पावती, विक्रीपत्राची इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) किंवा आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा सरकारी उतारा), यांतलं काहीतरी बघायला मागा. जुन्या घरांत वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, आणि तीन भावांत वाटणी झालेली नाही, असं पुष्कळदा असतं. मग तुमच्याशी बोलणारा भाऊ एकटा करार करू शकत नाही. नावावर जितके मालक, तितक्यांच्या सह्या हव्यात, किंवा बाकीच्यांचं मुखत्यारपत्र हवं. दलालाला टोकन देण्याआधी हे करा, नंतर नाही.

करारात काय लिहायचं

नमुना करार कुणीही देतं. भाडं, डिपॉझिट, मुदत, पत्ता हे त्यात असतंच. भांडणं होतात ती त्यात नसलेल्या गोष्टींवरून, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

पहिली गोष्ट कूलर. हसू नका, नागपुरातल्या करारात कूलरचं कलम हवंच. मार्चअखेर खिडकीत लोखंडी स्टँड लागतं, ग्रिल कापावी लागते किंवा भिंतीत खिट्ट्या ठोकाव्या लागतात. कूलरचं पाणी झिरपून खिडकीखालच्या भिंतीला ओल येते, पोपडे निघतात. माझं डिपॉझिट याच ओलीवर अडकलं होतं. मालकांचं म्हणणं, भिंत खराब केली. माझं म्हणणं, स्टँड आधीपासून तिथेच होतं, ओलही होती. दोघांकडेही फोटो नव्हता. शेवटी पुट्टी आणि रंगाचे पैसे कापून बाकीचे मिळाले, तेही तीन महिन्यांनी. आत्याच्या करारात आम्ही एवढंच लिहिलं : ‘कूलर हॉलच्या पूर्वेकडील खिडकीत बसवावा, स्टँड मालकाचे, कूलर व पाण्याची नळी परवानाधारकाची, ओल आल्यास त्या भिंतीचा रंग परवानाधारक करून देईल.’ (परवानाधारक म्हणजे किरायेदार.) तीन वर्षांत त्या खिडकीवरून एक शब्द झाला नाही.

दुसरी गोष्ट पाणी. नळ किती वेळ येतो, मोटर कोण चालवतो, बोरिंगचं वीजबिल कुणाच्या मीटरवर आणि कसं वाटायचं? उन्हाळ्यात बोरिंग आटलं तर टँकरचे पैसे कोण देणार? एकेका ओळीचं उत्तर आहे, पण ते एप्रिलमध्ये शोधत बसू नका.

तिसरी गोष्ट वीज. स्वतंत्र मीटर असेल तर उत्तम, महावितरणचं बिल किरायेदार भरेल असं लिहा आणि ग्राहक क्रमांक टाका. मीटर मालकाचं आणि आत सबमीटर असेल तर युनिटचा दर कोणता, हे आधी ठरवा. पहिल्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवायचा.

डिपॉझिट शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते. करारात रकमेसोबत परतीची तारीख लिहा : ‘ताबा परत दिल्याच्या दिवशी’ किंवा ‘पंधरा दिवसांत’. काय कापता येईल हेही लिहा : थकलेलं भाडं, वीज-पाण्याचं बिल, वापरण्यानं होणाऱ्या झिजेपलीकडचं नुकसान. ‘झिजेपलीकडचं’ हा शब्द सोडू नका. भिंतीचा रंग दोन वर्षांत फिका पडणारच.

सूचना-मुदत दोन्ही बाजूंनी सारखी ठेवा, साधारण एक महिना. काही मालक सहा महिन्यांचा लॉक-इन लिहितात, म्हणजे तेवढ्या काळात करार मोडता येत नाही. त्यात वाईट काही नाही, पण तो मालकालाही बांधतो का ते वाचा. नुसता किरायेदारालाच बांधणारा असेल तर बदलून मागा. बदली होणारी नोकरी असेल तर ‘बदलीचा आदेश आल्यास एक महिन्याच्या सूचनेनं सोडता येईल’ ही ओळ टाकून घ्या.

चार मुलं मिळून राहणार असतील तर चौघांची नावं करारात हवीत. एकाच्याच नावावर केलं आणि तो सत्र संपून गावी गेला, तर मागे राहिलेल्या तिघांचा त्या घराशी कागदावर काही संबंध उरत नाही. मालकालाही भाडं मागायला माणूस सापडत नाही.

मालक घर बघायला येऊ शकतो, कायद्यानं तो हक्क आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. स्वतःकडच्या किल्लीनं दुपारी दार उघडून आत येणं यात बसत नाही. दुरुस्तीचं साधं तत्त्व ठेवा : भिंत, छत, नळाची लाईन, वायरिंग मालकाकडे. बल्ब, नळाचा वॉशर, पंख्याचा कंडेन्सर राहणाऱ्याकडे. जेवणाखाण्याच्या, पाहुण्यांच्या अटी असतील तर त्या घर बघतानाच बोलून घ्या. नंतर कळलं की दोघंही दुखावतात.

शेवटी सामानाची यादी जोडा. पंखे किती, गीझर चालू की बंद, किल्ल्यांचे जोड किती. मग मोबाईलवर घराचा सलग एक व्हिडिओ, दारापासून गॅलरीपर्यंत.

नोंदणी : पैसे किती, पद्धत कशी

मुद्रांक शुल्क काढायची रीत सोपी आहे. पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या सगळ्यांची बेरीज करा आणि तिचा ०.२५ टक्का काढा.

भाडं १२,००० रुपये, डिपॉझिट २४,००० आणि मुदत अकरा महिने धरू. भाडं झालं १,३२,०००. डिपॉझिटवर अकरा महिन्यांचं व्याज २,२००. बेरीज १,३४,२००. त्याचा ०.२५ टक्का म्हणजे सुमारे ३३६ रुपये. सरकारी संकेतस्थळावर हा आकडा थोडा वर नेलेला दिसू शकतो, तिथे दिसेल तीच रक्कम भरायची. नोंदणी फी महापालिका, नगरपालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. कागदपत्र हाताळणीचं थोडं शुल्क वेगळं. एका महिन्याच्या भाड्याच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. त्यासाठी नोंदणी टाळणं मला कधीच पटलेलं नाही. खर्च कुणी करायचा हे आपसांत ठरतं, अर्धा-अर्धा हा बऱ्याच ठिकाणचा रिवाज.

दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करता येते, पण लिव्ह अँड लायसन्ससाठी आता घरबसल्या ऑनलाईन नोंदणीच जास्त होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मालकाची, किरायेदाराची आणि जागेची माहिती भरायची, अटी टाकायच्या, मसुदा वाचायचा, शुल्क ई-चलनानं भरायचं. मग प्रत्येकाचा वेबकॅमवर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. त्यानंतर दुय्यम निबंधक तपासून नोंदणी करतात आणि डिजिटल सहीचा करार मिळतो. मालक पुण्यात आणि किरायेदार नागपुरात असेल तरी चालतं, अंगठे वेगवेगळ्या ठिकाणी देता येतात. संगणकाची सवय नसेल तर अधिकृत सेवा देणारे घरी यंत्र घेऊन येतात, त्यांची फी वेगळी. ती किती, हे फोनवरच विचारून ठेवा.

आत्याच्या वेळी असाच एक मुलगा यंत्र घेऊन आला होता. आत्याचा अंगठा काही उमटेना. आयुष्यभर भांडी घासून, पापड लाटून रेषा पुसट झालेल्या. तिनं पदरानं बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. नाही. त्या मुलानं खोबरेल तेलाचा थेंब मागितला, अंगठ्याला चोळला, पुसला, मग तर्जनी लावून बघितली. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. घरात वयस्क मालक असतील तर हे होतंच, म्हणून वेळ हातात ठेवा आणि सगळी बोटं वापरून बघा. आधारचा तपशील जुना झाला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्यानं देऊन या.

मसुदा वाचताना तीनच गोष्टी बोट ठेवून वाचा : नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, फ्लॅट क्रमांक बरोबर आहे का, तारखा बरोबर आहेत का. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी, पण खरं तर किल्ली हातात येण्याआधीच ती झालेली बरी. हाच करार पुढे गॅस, बँक, पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पोलीस, सोसायटी, इन्कम टॅक्स

किरायेदाराची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम. पोलीस आयुक्तालयं तसे आदेश काढतात आणि ते न पाळल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर किंवा जवळच्या ठाण्यात माहिती द्या, पोच जपून ठेवा. किरायेदारांनो, फोटो आणि कायमच्या पत्त्याचा पुरावा मागितला तर वाईट वाटून घेऊ नका.

सहकारी सोसायटीतला फ्लॅट असेल तर कराराची आणि पोलिसांच्या पोचेची प्रत सोसायटीला द्या. बाहेरच्याला घर दिलं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे शुल्क मालकाचं.

पगारातल्या घरभाडे भत्त्यावर करसवलत घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो करारातच टाकून घ्या, मार्चमध्ये मागायला गेलं की मालक चिडतात. भाड्याची पावती दर महिन्याला घ्या.

वाद झालाच तर

मालकांनी कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं हे मार्ग घेऊ नयेत. भाडं थकलं तरी नाही. लेखी नोटीस, मग सक्षम प्राधिकारी, हाच रस्ता. किरायेदारांनीही ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणत शेवटचे दोन महिने भाडं बुडवू नये. करारात तसं ठरलं नसेल तर ती थकबाकीच होते. बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेजनं लिहून पाठवा : ‘काकू, आज ठरल्याप्रमाणे ३१ तारखेला घर सोडतोय.’

घर सोडायच्या दिवशी दोघंही हजर राहा. सामानाची यादी काढा, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ एकदा सोबत बघा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, शेवटच्या बिलाचा अंदाजे आकडा धरून हिशेब एका कागदावर लिहा. त्यावर दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट त्याच दिवशी परत द्यायचं ठरलं असेल, तर पैसे आल्याचा मेसेज फोनवर आला की मग किल्ल्यांचे सगळे जोड मोजून हातात द्या.